हाकेला ओ

यहूदाचं काम कुणी करायचं, असा प्रश्न निघाला की दिवटी नाट्यसेवेतल्या सगळ्यांना एकदम आपापली राहिलेली कामं आठवत. कुणाला पाणी भरायचं असे, कुणाला नेमकी तेव्हाच खोकल्याची उबळ येई. इकिरे गावाबाहेरच्या त्या आवारात बावीस पोरंपोरी ख्रिस्ती सिनेमात काम करण्याचं सहा महिन्यांचं शिक्षण घेत होती आणि त्यांतल्या निम्म्यांना येशू व्हायचं होतं. उरलेल्यांची पेत्रावरही तयारी होती. चांदीच्या नाण्यांपायी येशूला दगा देणारा यहूदा व्हायला मात्र कुणाची छाती होत नव्हती, आणि त्यापायी पुनरुत्थानाच्या सणाचा सिनेमा अडून बसला होता.

"मी नाव सुचवू?" अरिनोला म्हणाली. सिनेमाचं दिग्दर्शन तिच्याकडे होतं, त्यामुळे सुचवू का हे नुसतं म्हणण्यापुरतं. "डॅडी ओयेदिरान करतील. त्यांच्याइतका मुरलेला नट आपल्यात दुसरा कोण आहे?"

ओयेदिरान, ज्याला सगळेच मानाने डॅडी म्हणत, भिंतीला टेकून वाटलेल्या चवळीचं वाफवलेलं मोइन-मोइन खात बसला होता. एकसष्ट वर्षांचा, पांढऱ्या दाढीचा, भुतं हाकलणारा देवमाणूस म्हणून तीस सिनेमांत काम केलेला. त्याचा घास हातातच राहिला. त्याने अरिनोलाकडे पाहिलं आणि अरिनोलाने त्याच्याकडे. पापणी लववायची नाही, नजर ढळू द्यायची नाही. हे तिला त्यानंच शिकवलं होतं.

"आमेन!" बावीस जण एका सुरात ओरडले. सुटलो, असं तर कुणी म्हणू शकत नव्हतं.

प्रार्थना करून दिलेली भूमिका नाकारायची नाही, हा दिवटीचा नियम. तो ओयेदिराननंच घातलेला. ममी अजिबिके म्हणजे संस्थेच्या दिवंगत संस्थापकांची बायको, तिने लगेच डोळे मिटून प्रार्थना केली आणि प्रकरण संपलं. एकोणीस दिवसांचं चित्रीकरण. शेवटचा दिवस शुक्रवार, आणि दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, ओयेदिरानच्या एकुलत्या एका लेकीचा, इबिदुनचा साखरपुडा. अरिनोलाने तारखा काढताना ते पाहिलं नव्हतं असं नाही. तिने तेच पाहून तारखा काढल्या होत्या.

यात एवढं काय, असं बाहेरच्याला वाटेल. पण दिवटीत वाईट पात्राचं काम म्हणजे हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. चेटकीण, खुनी, यहूदा असं कुणी व्हायचं असलं की पहिल्या दिवशी दिग्दर्शक त्या नटाचं नाव काढून घेई. खरं नाव चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी दिग्दर्शकाच्या बायबलात ठेवायची, आणि चित्रीकरण संपेपर्यंत त्या माणसाला सगळ्यांनी पात्राच्या नावानेच हाक मारायची, बायकोनं, पोरांनीसुद्धा. शेवटच्या दिवशी रंग उतरवायच्या आधी नट गुडघे टेकतो, दिग्दर्शक चिठ्ठी काढून सगळ्यांसमोर खऱ्या नावाने तीन हाका मारतो, नट तीनदा ओ देतो, मग चेहरा धुतात. नाव ज्याने घेतलं त्यानेच परत द्यायचं. दुसऱ्या कुणी दिलेलं चालत नाही. आणि नाव परत मिळालं नाही तर? तर आत जे शिरलं ते तिथंच मुक्काम करतं, असं त्या सगळ्या मुलखात मानत होते. चर्चमध्ये मानत, बाजारात मानत आणि सोयरिकी जुळवणाऱ्या बायका तर सगळ्यांत जास्त मानत.

अरिनोलाचं नाव बारा वर्षांपूर्वी घेतलं गेलं होतं. ते परत मिळालंच नव्हतं.

तेव्हा ती बावीस वर्षांची, याच आवारात शिकायला आलेली. पहाटे पाचला प्रार्थना, बुधवारी आणि शुक्रवारी दुपारपर्यंत उपास, आणि उपाशी पोटी ओयेदिरानचा वर्ग. माणूस शिकवायचा मात्र अप्रतिम, हे तिला अजूनही नाकारता येत नसे. जमिनीवर खडूची फुली मारायचा आणि खाली न बघता नेमकं तिच्यावर येऊन थांबायला लावायचा. "पडदा केवढा असतो? भिंतीएवढा! तुझा एक डोळा म्हणजे दरवाजा होतो तिथं. खोटं बोललीस तर मागच्या रांगेतल्या आंधळ्या म्हातारीलाही दिसेल," असं म्हणायचा. पोरं हसायची, पण शिकायची.

मग स्वतः दिग्दर्शित केलेल्या सिनेमात त्याने तिला चेटकिणीचं काम दिलं, नातवंडं खाणाऱ्या म्हातारीचं. आपण देवमाणूस झाला. शेवटच्या प्रसंगात देवमाणूस चेटकिणीला हाकलतो आणि ती हरते. पण पराभव दाखवताना अरिनोलाने असं काही केलं की लागोसच्या चर्चमधून आलेला पाहुणा पाळक खुर्चीतून उठला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "ओयेदिरान, या पोरीनं तुला गिळलं रे! पडद्यावर तुझ्याकडे बघणार कोण?" सगळे हसले. ओयेदिरानही हसला.

त्या संध्याकाळी ती रंगवलेल्या तोंडाने गुडघे टेकून आंब्याखाली बसली होती. ओयेदिरान आला, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "जेवण गार होतंय. उद्या बघू." आणि गेला. दुसऱ्या दिवशी सिनेमाचं संकलन करायला लागोसला निघून गेला. तो परतल्यावर ती तीनदा त्याच्याकडे गेली. पहिल्यांदा म्हणाला, उद्या. दुसऱ्यांदा म्हणाला, उद्या. तिसऱ्यांदा म्हणाला, "लहान आहेस का तू? स्वतःची प्रार्थना स्वतः करता येत नाही?"

सिनेमा गावोगावच्या मैदानांत पडदे लावून दाखवला गेला. लोक तिला बघून पोरांना पाठीशी घ्यायला लागले. तिचं लग्न ठरलं होतं, अदेगोके नावाच्या शाळामास्तरशी. त्याची आई चर्चच्या महिला संगतीची पुढारी. ती बाई या आवारात आली आणि तिने ओयेदिरानला एकच विचारलं, "तिचं नाव तिला परत दिलंत का?" होय म्हणाला असता तर खपलं असतं. उभ्या उभ्या तीन हाका मारल्या असत्या तरी निभावलं असतं. त्याने दाढी कुरवाळली आणि म्हणाला, "माझ्या लक्षात नाही."

लग्न मोडलं. लग्नात सगळ्या बायकांनी नेसायचं म्हणून एकाच छापाचं कापड साठ घरी वाटून झालं होतं. पुढं सहा महिन्यांनी अरिनोलाने इकिरेच्या एका शिंप्याच्या दुकानात ते खिडकीला पडदा म्हणून लावलेलं पाहिलं. तिने त्या दिवशी इबादानची गाडी धरली. तिथं अकरा वर्षं टीव्हीच्या मालिकांत राबली, नाव कमावलं. नाव कमावलं हेही म्हणायचंच. कुणी मागून "अरिनोला" अशी हाक मारली की ती चटकन वळत नसे. आधी क्षणभर थांबे. दुसऱ्या कुणाला बोलावताहेत असंच तिला वाटे.

तीन महिन्यांपूर्वी ममी अजिबिकेनं तिला शिकवायला बोलावलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, सेवेची ओढ. ममीला जुनी हकीगत धड ठाऊकच नव्हती; ती तेव्हा नवऱ्याबरोबर दौऱ्यावर होती. अरिनोला आली आणि रिवाजाप्रमाणे पहिल्या सकाळी ओयेदिरानसमोर गुडघे टेकून म्हणाली, "डॅडी, शुभ सकाळ." तो म्हणाला, "ये पोरी, ये. माझं नाव काढलंस." जुन्या गोष्टीचा शब्दही नाही. लक्षात नव्हतं बहुधा!

तर ओयेदिरानचं नाव काढून घेतलं. अरिनोलाने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठीवर लिहिलं, तिमोथी ओयेदिरान, आणि चिठ्ठी आपल्या बायबलात ठेवली.

पहिले चार दिवस गमतीचे गेले. पोरंपोरींना काय, एरवी ज्याला डॅडी डॅडी करत दोन हात मागं बांधून उभं राहायचं त्याला "ए यहूदा, सरक जरा, वाट अडवू नकोस" म्हणायची मुभा मिळालेली. "यहूदा, तुला मटणाचा तुकडा हवा की चांदीची नाणी?" असं जेवणाच्या रांगेत कुणीतरी विचारलं आणि पातेल्यापर्यंत हशा गेला. ओयेदिरानही हसला. अरिनोला सकाळी त्याच्यासमोरून ताठ चालत जाई. यहूदापुढं कोण गुडघे टेकतं?

आठव्या दिवसापासून त्याचं हसणं कमी झालं. अरिनोला त्याचा एकेक प्रसंग सतरा सतरा वेळा घेई. चुंबन घेऊन येशूला धरून देण्याचा बागेतला प्रसंग तर सकाळी सुरू झाला तो ऊन डोक्यावर आलं तरी चालूच. "पुन्हा. तुमच्या डोळ्यांत लाज दिसत नाहीये. यहूदाला लाज वाटत होती. तुम्हाला कधी कुणाला फसवल्यावर लाज वाटलीच नाही का? आठवून बघा. पुन्हा." कॅमेरा सांभाळणारा बायो हळूच म्हणाला, "सिस्टर, नवव्या वेळचा चांगला होता हो." ती म्हणाली, "तुझं काम कॅमेऱ्यात बघायचं." खरं तर तिलाही नववा चांगला वाटला होता. दहा ते सतरा तिने स्वतःसाठी घेतले, आणि त्यात तिला अजिबात वाईट वाटलं नाही.

सोळाव्या दिवशी इबिदुन तिच्या खोलीत आली. रंगरंगोटीचं काम तिच्याकडे असे. चोवीस वर्षांची, बोलकी पोरगी. दारातच गुडघे टेकले.

"आंटी, एक सांगू? हसणार नाही ना?"

"सांग."

"आज सकाळी मी बाबांना उठवायला गेले. आधी बाबा अशीच हाक मारली. नियम मोडला, माफ करा. ते उठलेच नाहीत. मग मी यहूदा अशी हाक मारली, तर ते झोपेतच 'ओ' म्हणाले." तिने ओठ चावला. "मला भीती वाटते हो. शुक्रवारी संपेल ना सगळं?"

अरिनोलाला आतून आनंदाची उकळी फुटली, आणि त्याच क्षणी लाजही वाटली. दोन्ही एकदम वाटू शकतं.

"शुक्रवारी चित्रीकरण संपेल," ती म्हणाली. एवढंच.

इबिदुनने पिशवीतून घडी घातलेलं निळं कापड काढलं, घरच्या बायकांनी शनिवारी नेसायचं. "तुमच्यासाठी. आईनं निवडलंय. तुम्ही घरच्यांच्याच रांगेत बसायचं बरं का, पाहुण्यांत नाही!"

पोरीला काहीच माहीत नव्हतं. ती गेल्यावर अरिनोला ते कापड मांडीवर घेऊन बसली. या पोरीने माझं काय वाकडं केलंय, असं मनात आलं. लगोलग दुसरंही आलं, की मी तरी कुणाचं काय वाकडं केलं होतं? बारा वर्षं तिने दोन वाक्यं सांभाळून ठेवली होती. पहिलं होतं, 'जेवण गार होतंय, उद्या बघू.' आणि कुणी विचारायला आलं की दुसरं, 'माझ्या लक्षात नाही.' जशीच्या तशी, त्याच्याच चालीत. इबादानच्या खोलीत आरशासमोर तिने त्यांची तालीम केली होती. आता एका पोरीच्या कापडापायी ती वाक्यं सोडून द्यायची? तिने कापड पेटीत टाकलं आणि पेटीला कुलूप लावलं.

शुक्रवारी दुपारी इबिदुनची होणारी सासू आली. ममा लाडिपो. डोक्याला भलंमोठं फडकं बांधलेली, आवाज दणदणीत, बाजारात तिच्याशी घासाघीस करायला कुणी धजत नसे. चित्रीकरण बघायला आले म्हणाली, पण बाकावर बसल्या बसल्या अरिनोलाला हाताने खूण केली.

"तूच ना दिग्दर्शक? इथं ये. आज व्याह्यांचं नाव परत देणार ना?"

"रिवाज आहे तसा," अरिनोला म्हणाली.

"रिवाज मलाही माहितीय, बाई. मी विचारतेय, देणार ना? मी स्पष्ट बोलते, राग मानू नकोस. आमच्या घरात पोरंबाळं यायची आहेत. यहूदाची लेक मी सून म्हणून नेणार नाही. माझ्या डोळ्यांदेखत तीन हाका आणि तीन ओ झाले तर उद्या आमची माणसं येतील. नाही झाले तर मी आत्ताच फोन करून सगळ्यांना घरी बसा म्हणून सांगते."

अरिनोलाने मान हलवली. होय की नाही, ते त्या मानेवरून कळण्यासारखं नव्हतं. ओयेदिरान चार हातांवर उभा होता आणि त्याने सगळं ऐकलं होतं. रंगाखालचा त्याचा चेहरा उतरलेला कॅमेऱ्यातही दिसला असता.

पाच वाजता शेवटचा प्रसंग झाला. स्वैपाक्यांनी जोलोफ भाताची पातेली आणून आंब्याखाली मांडली. सगळे गोल करून उभे राहिले. इबिदुन पाण्याचं घमेलं आणि टॉवेल घेऊन तयार. ओयेदिरान मधे आला आणि मुलीच्या वयाच्या बाईसमोर त्याने गुडघे टेकले. म्हाताऱ्या गुडघ्यांचा आवाज झाला.

अरिनोलाने बायबल उघडलं. चिठ्ठी तिथंच होती. तिने ती काढली नाही.

"सिस्टर," तो तिच्यापुरतं म्हणाला, "माझ्यासाठी नको. मुलीसाठी."

"माझं लग्न मोडायला आलं तेव्हा माझ्या आईनंही तुम्हाला असंच विनवलं होतं. दारात बसून."

मग ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "बायो, कॅमेरा चालू ठेव. यहूदा, एक विचारते. बारा वर्षांपूर्वी याच झाडाखाली मी अशीच बसले होते. माझं नाव मला परत का दिलं नाहीत?"

ममा लाडिपो बाकावरून पुढं सरकली. इबिदुनच्या हातातलं घमेलं हललं आणि पाणी तिच्या पायांवर सांडलं.

ओयेदिरान मान खाली घालून थोडा वेळ थांबला. मग त्याने चेहरा वर केला. डाव्या डोळ्यातून एक थेंब ओघळला. "पोरी," तो कापऱ्या आवाजात म्हणाला, "मी म्हातारा झालो. माणसाकडून चुका होतात. या म्हाताऱ्याला..."

"कट," अरिनोला म्हणाली.

कुणीतरी मागं फिसकन हसलं.

"तीन श्वास थांबायचं, डाव्या डोळ्यातून थेंब काढायचा, शेवटचा शब्द खाली सोडायचा. पहिल्या महिन्याचा धडा आहे हा, मीही आता हाच शिकवते. पुन्हा."

त्याचे कान तापले. "मी तुझ्या बापाच्या वयाचा आहे! लेकीच्या सासरच्या माणसांसमोर माझी अब्रू..."

"कट. हा राग नाही, ही भीती आहे. वरून राग फासलाय. पुन्हा."

"सिस्टर अरिनोला," ममी अजिबिके मधे पडली, "पुरे आता. सगळ्यांसमोर शोभत नाही हे."

"ममी, तुमच्याच यजमानांनी भिंतीवर लिहून ठेवलंय, खरं उमटेपर्यंत कुणी जागा सोडायची नाही. पुसून टाकायचं का ते?" ममी भिंतीकडे बघत मागं सरली. "पुन्हा."

तिसऱ्यांदा त्याने शास्त्रवचन काढलं, क्षमेचं. पाठ होतंच, आवाजही सुंदर लागला, दोनतीन पोरींनी डोळे पुसले.

"कट. शब्द दुसऱ्याचे आहेत. तुमचे बोला."

चौथ्यांदा त्याने तोंडावरून हात फिरवला. घामाने यहूदाचा रंग गळ्यापर्यंत उतरला होता. त्याने लेकीकडे पाहिलं. मग जमिनीकडे. आणि बोलला तो आवाज कुणी कधी ऐकला नव्हता, सपाट, बाजारात भाव सांगावा तसा.

"मला हेवा वाटला. तू माझ्यापेक्षा चांगली होतीस. तो पाळक हसला ते माझ्या जिव्हारी लागलं. म्हटलं, राहू दे एक दिवस अशीच. मग एकाचे दोन दिवस झाले, आणि मग कबूल करायची लाज वाटायला लागली. अदेगोकेच्या आईला मी लक्षात नाही म्हणालो. माझ्या सगळं लक्षात होतं."

अरिनोलाने कट म्हटलं नाही. बारा वर्षं तिने याच वाक्याची वाट पाहिली होती, आणि ते आल्यावर टाळ्या नाहीत, काही नाही, फक्त भाताचा वास येत होता. तिने ममा लाडिपोकडे पाहिलं, मग इबिदुनकडे. पोरगी बापाकडे अशी बघत होती की जणू हा माणूस तिने आजच पाहिला. ती शिक्षा मोठी होती. आणखी काही घ्यायची गरज नव्हती, आणि पोरीचं काही हिसकावून घ्यायची तर मुळीच नव्हती.

तिने चिठ्ठी काढली. "तिमोथी ओयेदिरान."

"ओ. मी इथं आहे."

"तिमोथी ओयेदिरान."

"ओ. मी इथं आहे."

"तिमोथी ओयेदिरान!"

"ओ..." पुढचं त्याला बोलता आलं नाही, पण ओ आला होता. "आमेन," ममा लाडिपो सगळ्यांआधी ओरडली आणि तिने धरून ठेवलेला फोन कमरेला खोचला. इबिदुन पुढं आली. बापाचं तोंड तिने धुतलं, हात जरा जोरात चालवून.

इथं सगळं संपायला हरकत नव्हती. अरिनोलाचंही मन बरंच खाली बसलं होतं. पण ओयेदिरान उठला नाही. ओल्या तोंडाने त्याने आपली पिशवी मागितली, त्यातून आपलं बायबल काढलं. त्याचं जुनं, काळ्या कातड्याचं, पहाटेच्या प्रार्थनेत रोज हातात असणारं. स्तोत्रांच्या पानांतून त्याने एक पिवळी पडलेली चिठ्ठी काढली. घडीवर फाटू नये म्हणून तिला मागून चिकटपट्टी लावलेली होती.

"ही मी टाकली नाही," तो म्हणाला. "कधीच टाकली नाही. रोज पहाटे हातात घ्यायचो."

चिठ्ठी हरवली असेल असं अरिनोला बारा वर्षं समजत होती. ती लागोसमध्ये पडली असेल, केरात गेली असेल. तो विसरला नसेल हे तिला ठाऊक होतं, तरी चिठ्ठी हरवली असेल असं धरून तिने त्याला तेवढी सूट दिली होती. आणि हा माणूस रोज पहाटे तिचं नाव हातात घेत होता! इबादानला ती हाकेसरशी वळू शकत नव्हती, तेव्हा याने फाटू नये म्हणून चिकटपट्टी लावली होती. चार हजारांहून जास्त पहाटा झाल्या, आणि प्रत्येक पहाटे त्याने ती वाचली, पुन्हा पानांत ठेवली आणि नाश्त्याला गेला.

"अरिनोला," त्याने हाक मारली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. पोरांचे चेहरे उजळले, ममीने हात जोडले, बायोने कॅमेरा तिच्याकडे वळवला.

"अरिनोला."

ओ तिच्या गळ्यापर्यंत आला होता. नुसतं तोंड उघडायचं बाकी होतं.

"अरिनोला," तो तिसऱ्यांदा म्हणाला आणि रडायला लागला. या वेळी दोन्ही डोळ्यांनी, नाकातून पाणी येत, कुरूप, कुठल्याच वर्गात न शिकवलेलं रडणं. ते खरं होतं. तिला खऱ्याची पारख होती.

तिने आलेला ओ गिळला.

"जेवण गार होतंय," ती म्हणाली. "उद्या बघू."

आणि पातेल्याकडे जाऊन तिने स्वतःच्या हाताने भात वाढून घेतला, मटणाचा मोठा तुकडा बघून घेतला आणि पोटभर जेवली. ओयेदिरान तिथंच गुडघ्यांवर होता. त्याला उठवायला आधी कुणाचा हात पुढं झाला नाही.

शनिवारी साखरपुडा थाटात झाला. अरिनोला निळं कापड नेसून घरच्यांच्या रांगेत बसली. यजमान म्हणून ओयेदिरान तिच्या खुर्चीशी आला तेव्हा त्याच्या मुठीत चिठ्ठी होती. तिने त्याच्याकडून फक्त शीतपेयाची बाटली घेतली.

तेव्हापासून रोज पहाटेची प्रार्थना सुटली की तो वर्गाच्या दाराशी येऊन उभा राहतो, पोरं आत जाईपर्यंत थांबतो आणि हळू आवाजात तीन हाका मारतो. अरिनोला हातातलं हजेरीपुस्तक खाली ठेवते. रिवाजात कसूर करत नाही. वडीलधाऱ्या माणसापुढं टेकावेत तसे दोन्ही गुडघे टेकते, मान लववते.

"उद्या बघू, डॅडी," ती म्हणते, आणि उठून वर्गात जाते.